पटावरचे मूल आणि पाठातले मूल

दरवर्षी शाळा सुरू होण्याचे दिवस जवळ आले, की बेळगाव भागातील आमच्यासारख्या सरकारी मराठी शाळांचे शिक्षक प्रवेशाचे अर्ज काखोटीला मारून घरोघर फिरू लागतात. पट टिकला तर शाळा टिकेल आणि शाळा टिकली तर गावातील मराठी अक्षर टिकेल, हे गणित सीमाभागातील कोणाही मराठी माणसास समजावून सांगावयास नको. या फेरीत पुष्कळदा असे होते, की अंगणात खेळणारी दोन मुले मोजून आम्ही उठणार, तोच माजघराच्या दाराआडून तिसरे मूल डोकावते. ‘हा कितवीत?’ असे विचारावे, तर घरातील माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. आणि मग एखादी आजी सांगते, ‘त्याचं काय घेऊन बसलासा गुर्जी? त्याला ऐकूच येत न्हाई बगा.’

या बोलण्यात दुष्टावा नसतो. असते ती माया, थोडी लाज, आणि शाळा ही आपल्या या लेकरासाठी नव्हे अशी पिढ्यान् पिढ्यांची समजूत. प्रस्तुत लेख या तिसऱ्या मुलाविषयी आहे. पण त्याला शाळेत कसे आणावे, एवढ्यापुरताच तो नाही. आणल्यावर पुढे काय, हा त्याहून अवघड प्रश्न आहे. खडू-फळ्याच्या संगतीत निम्मे आयुष्य काढल्यावर त्याविषयी आम्हांस जे वाटते, ते वाचकांपुढे ठेवावे असा हेतू आहे.

कायदा उंबरठ्यापर्यंत

कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर या मुलाचा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अशा मुलांस शक्य तेथवर सामान्य शाळांतच शिकवावे असे सुचविले. १९७४ साली केंद्र सरकारने त्यासाठी योजना आखली. १९९५ च्या कायद्याने सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद घेतली. २०१६ च्या कायद्याने ती संख्या २१ वर नेली आणि ज्यांस पूर्वी केवळ ‘ढ’ किंवा ‘आळशी’ म्हटले जाई अशा, वाचन-लेखनात विशिष्ट अडचण असलेल्या मुलांनाही त्या यादीत स्थान दिले. ज्याचे अपंगत्व ४० टक्के वा त्याहून अधिक असल्याचा दाखला मिळाला आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत, अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षण घेण्याचा हक्क या कायद्याच्या ३१ व्या कलमाने दिला आहे. २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची आणि मुलींसाठी दरमहा २०० रुपयांच्या भत्त्याची तरतूदही करण्यात आली.

हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु कायद्याचा हात शाळेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. तो मुलाला पटावर आणतो. पाठात आणू शकत नाही. मूल पटावर असणे आणि मूल पाठात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आमच्या मते या विषयाचे सारे मर्म याच भेदात आहे.

पटावरचे मूल कसे असते, हे कोणत्याही शाळेत तासभर बसले तर दिसेल. ते बहुधा शेवटच्या बाकावर, भिंतीकडेला असते. त्याला कोणी मारीत नाही, रागावत नाही, आणि प्रश्नही विचारीत नाही. ‘हजर’ एवढा एकच शब्द दिवसभरात त्याच्या वाट्याला येतो. खेळाच्या तासाला ते इतरांची दप्तरे आणि चपला सांभाळीत बसते. शिक्षक त्याच्याशी गोड बोलतात. वर्षामागून वर्षे वरच्या वर्गात ढकलतात. आणि एके दिवशी ते शाळा सोडल्याचा दाखला घेऊन निघून जाते. एवढ्या वर्षांत त्याच्यावर अन्याय झाला असे कोणासच वाटत नाही, कारण सर्वांनी त्याच्यावर दयाच केलेली असते. दया ही मोठी गोष्ट आहे खरी. परंतु वर्गात तिचे रूपांतर ‘याच्याकडून काही अपेक्षा नाही’ अशा भावनेत फार लवकर होते.

ओठांवर न दिसणारी अक्षरे

मग मूल पाठात यावे कसे? त्यासाठी मोठमोठ्या यंत्रांची गरज असते असे नाही. पुष्कळदा शिक्षकाने कोठे उभे राहावे, येथून त्याचा प्रारंभ होतो.

ऐकू न येणाऱ्या मुलाचे उदाहरण घेऊ. कानाला यंत्र लावले म्हणजे काम झाले, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. चष्म्याने जसे दिसू लागते तसे श्रवणयंत्राने ऐकू येऊ लागत नाही. ते आवाज मोठा करते. पण गुरुजींच्या बोलण्याबरोबर पंख्याची घरघर, बाक सरकल्याचा कर्कशपणा आणि शेजारच्या वर्गातील पाढेही मोठे करते. दोन-चार हातांपलीकडचे बोलणे त्या गोंगाटात विरून जाते. म्हणून असे मूल पुढे बसवावे लागते, आणि शिक्षकाला त्याच्याकडे तोंड करून बोलावे लागते. फळ्यावर लिहिता लिहिता बोलणाऱ्या शिक्षकाची पाठच तेवढी त्याला दिसते. खिडकीकडे पाठ करून उभे राहिले, तर चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसेनासे होतात.

ओठ दिसले तरी सारे उमगते असेही नव्हे. वाचकांनी आरशापुढे उभे राहून, आवाज न काढता, ‘पाळ’, ‘बाळ’ आणि ‘माळ’ हे तीन शब्द म्हणून पाहावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. क, ख, ग ही अक्षरे तर कंठाशी उमटतात. त्यांची ओठांवर खूणच नाही. अशा परिस्थितीत हे मूल निम्मे पाहून आणि निम्मे ताडून आपली भाषा समजून घेत असते. एवढी मेहनत वर्गातले दुसरे कोणतेही मूल करीत नाही. नवा शब्द फळ्यावर लिहून मग बोलावा, चित्र दाखवावे, खूण करावी, एवढे केले तरी त्याचे ओझे पुष्कळ हलके होते. हातांच्या खुणांची भाषा ही तर स्वतंत्र, व्याकरणशुद्ध भाषा आहे. तिच्या संशोधनासाठी २०१५ साली दिल्लीत केंद्र सरकारची संस्था स्थापन झाली. तिचा पहिला कोश २०१८ साली सुमारे ३,००० शब्दांचा होता, तो २०२१ पर्यंत १०,००० शब्दांवर गेला.

येथे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचा एक खास प्रश्न सांगितला पाहिजे. घरात मराठी बोलणाऱ्या बधिर मुलास दूरच्या विशेष शाळेत घातले आणि तेथे कन्नड, हिंदी वा गुजरातीतून ओठ वाचावयास शिकविले, तर सुट्टीत घरी आल्यावर त्यास आजीचे ओठ वाचता येत नाहीत. भाषा उमलण्याची पहिली पाच-सहा वर्षे अशीच निसटली, तर पुढे ती भरून काढणे फार जड जाते. बेळगाव असो, इंदूर असो की बडोदे, मराठी आईबापांनी शाळा निवडताना हा विचार आधी करावा. आणि मूल खुणांची भाषा शिकत असेल, तर घरातील सर्वांनी, आजी-आजोबांनीसुद्धा, ती त्याच्याबरोबर शिकावी. खुणांना ना कानडीचा परकेपणा, ना मराठीचा.

सहा टिंबांचा क

दृष्टिहीनांच्या लिपीविषयीही अशीच एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९–१८५२) यांची सहा टिंबांची लिपी सर्वांस ठाऊक आहे. भारतीय भाषांसाठी १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ ही एकच पद्धती मान्य झाली. तीत अक्षराच्या आकाराला नव्हे, तर ध्वनीला टिंबे दिलेली आहेत. त्यामुळे पहिले आणि तिसरे टिंब उठवले, की तो मराठीचाही ‘क’ असतो, कन्नडचाही आणि गुजरातीचाही. दुकानांच्या पाट्यांवरील अक्षरांवरून आमच्या भागात केवढे रण माजते, हे वाचक जाणतातच. जी मुले त्या पाट्या पाहू शकत नाहीत, त्यांच्या बोटांखाली मात्र आमची आणि शेजाऱ्यांची अक्षरे सत्तर वर्षांहून अधिक काळ एकच होऊन राहिली आहेत.

ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन लिहिणाऱ्या मुलास उजवीकडून डावीकडे टोचत जावे लागते; कागद उलटला म्हणजे डावीकडून उजवीकडे वाचता येते. हे पाहून वर्गातील डोळस मुले प्रथम चकित होतात, आणि मग आपणही शिकू म्हणून मागे लागतात. अशा मुलास पाठात आणावयाचे, तर ‘हे इथे आले, ते तिथे गेले’ ही गणिताच्या शिक्षकाची लाडकी भाषा सोडावी लागते. ‘सातातून तीन गेले, उरले चार’ असे नाव घेऊन बोलावे लागते. फळ्यावर जे जे लिहिले ते तोंडाने म्हणावे लागते.

पूर्ण अंध मुलांपेक्षा अंधुक दिसणारी मुले संख्येने अधिक असतात, आणि ती ओळखूही येत नाहीत. एखादे मूल वाचताना नेमके अनुस्वारावर अडखळते. ‘आंबा’ला ‘आबा’ म्हणते. वही नाकाशी नेते. शिक्षक त्याला निष्काळजी ठरवतात. खरे म्हणजे ते डोक्यावरचे टिंब त्याला दिसलेलेच नसते. ठळक शाईचे पेन, मोठे अक्षर, फळ्याजवळ उठून येण्याची मोकळीक आणि वेळेवर केलेली नेत्रतपासणी, एवढ्यानेही ते मूल पाठात येऊ शकते.

अक्षरच ज्यांच्यावर रुसते अशी मुले तर प्रत्येक वर्गात असतात. आपल्या लिपीत ऱ्हस्व इकार उच्चारात मागून येतो, पण लिहिताना अक्षराच्या आधी काढावा लागतो. रफार ज्याच्या आधी उच्चारावयाचा त्याच्याच डोक्यावर जाऊन बसतो. बहुतेक मुले हे नकळत आत्मसात करतात. काहींना मात्र हा रोजचा चकवा होतो. अशा मुलास तोंडी विचारले, तर ते अख्खा इतिहास सांगते. त्याची परीक्षा तोंडी घेणे ही मेहेरबानी नव्हे; त्याला काय येते हे जाणून घेण्याचा तो सरळ मार्ग आहे. ज्यांच्या हातांना लिहिणे साधत नाही त्यांच्यासाठी लेखनिक घेण्याची सोय आहे, आणि केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांनुसार अशा परीक्षार्थीस तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळावयास हवीत. पुष्कळ पालकांना आणि काही शिक्षकांनाही हे ठाऊक नसते.

म्हणी, नावे आणि थोर माणसे

आम्ही मराठीचे शिक्षक. त्यामुळे आमच्यापुढे एक निराळाच पेच उभा राहतो. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’, ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ या म्हणी मुलांना शिकवावयाच्या असतात, आणि समोर कुबडी टेकून एक मूल बसलेले असते. म्हणी गाळून टाकाव्यात काय? आम्हांस तसे वाटत नाही. भाषेचे पूर्वज असे पुसता येत नाहीत. परंतु म्हणीचा अर्थ सांगून झाल्यावर, ‘हे बोलणे न्यायाचे आहे काय? ही म्हण कोणी केली असेल, चालणाऱ्याने की लंगडणाऱ्याने?’ असा प्रश्न वर्गापुढे ठेवता येतो. दहा वर्षांची मुले त्यावर जे बोलतात, ते पुष्कळ मोठ्या माणसांस सुचणार नाही.

नावांचेही तसेच. गावात मुलाचे पाळण्यातले नाव मागे पडते आणि ‘मुका’, ‘लंगड्या’ हेच नाव होऊन बसते. ‘अपंग’ जाऊन सरकारी कागदांत ‘दिव्यांग’ शब्द आला. शब्द चांगला की वाईट, या वादात आम्ही पडत नाही. ज्याच्यासाठी शब्द बदलला त्याचा बाक शेवटचाच राहिला असेल, तर नव्या शब्दाचे त्याला काय सुख? शाळेने प्रथम एवढे करावे, की त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी, आणि इतरांनीही तसेच करावे असा दंडक घालावा.

आपल्या समाजाची आणखी एक खोड आहे. आपण असामान्यांची पूजा करतो आणि सामान्यांस विसरतो. तान्हेपणी दृष्टी गेलेल्या गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) प्रचंड ग्रंथरचना केली, हे आपण अभिमानाने सांगतो. आमच्या शेजारच्या गदगला वीरेश्वर पुण्याश्रमात अनेक अंध मुलांनी संगीताची साधना केली. तेथील पुट्टराज गवयांना २०१० साली पद्मभूषण मिळाले. ही नावे वंद्यच आहेत. परंतु त्यांच्यामुळे अंध मूल म्हणजे गाणे, असा एक ठसा पडला आहे. गळा नसलेल्या अंध मुलाने काय करावे? साध्या डोळस मुलास जसा साधा कारकून, दुकानदार वा शिक्षक होण्याचा अधिकार आहे, तसाच त्यालाही आहे. चमत्कार करून दाखवील तरच जागा मिळेल, अशी अट आपण इतर मुलांना घालीत नाही.

दोन आक्षेप

या विषयावर बोलू लागलो, की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा, की एका मुलापायी बाकीची मुले मागे पडतील. आमचा अनुभव उलट आहे. वर्गाकडे तोंड करून बोलणे, लिहिलेले मोठ्याने म्हणणे, पाठाचे लहान लहान तुकडे करणे, उत्तरासाठी थोडे थांबणे, या गोष्टींनी कोणत्या मुलाचे नुकसान होते? कर्नाटकातील सरकारी शाळांच्या पहिल्या वर्गांत चालणारी ‘नली-कली’ पद्धती, जी १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात रुजली, तीत प्रत्येक मूल आपापल्या गतीने शिडीची एकेक पायरी चढते. जेथे सर्वांनी एकाच दिवशी एकाच पायरीवर असलेच पाहिजे असा हट्ट नसतो, तेथे मंद गतीचे मूल उघडे पडत नाही. पायऱ्यांशेजारी बांधलेल्या उताराचेही तेच. एक फूट चढण्यास बारा फूट लांबी, या हिशेबाने तो बांधला, तर चाकाच्या खुर्चीइतकाच तो जेवणाची पातेली वाहणाऱ्या बाईंना आणि मतदानाच्या दिवशी शाळेत येणाऱ्या आजोबांना उपयोगी पडतो. मात्र केवळ तपासणीपुरता बांधलेला, घसरगुंडीसारखा उभा उतार कोणाच्याच कामाचा नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यासाठी विशेष शाळा असताना आम्हां साध्या शिक्षकांवर हा भार का? विशेष शाळांचे ऋण आम्ही नाकारीत नाही. मुंबईत १८८५ च्या सुमारास बधिरांची आणि १९०० साली अ‍ॅना मिलार्ड यांनी अंधांची शाळा काढली, तेव्हा या मुलांना शिकवता येते हेच मुळी समाजाला प्रथम कळले. आजही काही मुलांना, विशेषतः बधिर मुलांना, आपल्यासारख्या सवंगड्यांची संगत तेथेच मिळते. परंतु अशा शाळा थोड्या आणि लांब. सहा वर्षांच्या पोरीला आईपासून तोडून शंभर मैलांवर ठेवणे, किंवा घरीच बसविणे, एवढे दोनच पर्याय असावेत काय? आमच्या छोट्या शाळांत एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात आणि तालुक्याच्या साधन केंद्रातील विशेष शिक्षकाला साऱ्या शाळा फिराव्या लागतात, हे आम्ही रोज अनुभवतो. त्यासाठी सरकारकडे अधिक माणसे मागितलीच पाहिजेत. पण ती येईपर्यंत फळ्याकडे पाठ करून उभे राहावयास कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

घरांकडे मागणे

आता वाचकांस थोडे सांगावयाचे आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी ते लपवू नये. अपंगत्वाचा दाखला आणि त्याचे ओळखपत्र वेळेवर काढावे. शाळेतील बहुतेक सवलती त्यावरच अवलंबून असतात. ज्यांच्या घरी नाही, त्यांचे कर्तव्य त्याहून लहान नाही. आपल्या मुलास ‘त्याच्याशेजारी बसू नकोस’ असे सांगणारा एक पालक वर्षभराची शिकवणूक पुसून टाकतो. शाळेच्या समितीवर असाल, तर रंगरंगोटीच्या आधी शौचालयाचा दरवाजा रुंद आहे की नाही, आत धरावयास दांडी आहे की नाही, ते पाहा. कित्येक मुलींची शाळा अभ्यासामुळे नव्हे, या दरवाजामुळे सुटते. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन घरात वाचावे. मुलांनाही वाचावयास द्यावे.

आणि शाळेत आलात, तर मुख्याध्यापकांना पटावर अशी मुले किती आहेत एवढेच विचारून थांबू नका. तो आकडा आम्ही तत्काळ देऊ. तो वरती कळवावाच लागतो. ‘या आठवड्यात त्याला वर्गात कोणता प्रश्न विचारला, आणि त्याने काय उत्तर दिले?’ हे विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नसते. ते ज्या शाळेला देता येईल, त्या शाळेत ते मूल पाठात आले आहे असे समजावे.